गचके खाणारी जुनी गाडी आणि निदानाची मजुरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही दिवस इथेनॉलमिश्रित पेट्रोलावर चर्चा चालू आहे आणि बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: इतकी वर्षे विनातक्रार चाललेली गाडी अलीकडे मधूनच गचके खाते, ॲक्सिलरेटर दाबला तरी क्षणभर पिकअप घेत नाही, आणि या सगळ्याला ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोलच जबाबदार आहे. प्लग, प्लगच्या वायरी, इंधन पंप असे भाग एकामागून एक बदलूनही दोष तसाच राहिल्याचे काहींनी लिहिले आहे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून मोटार मेकॅनिक शाखेचा शिल्पनिदेशक म्हणून निवृत्त झालो असून या दोषाच्या ज्या बाजूकडे चर्चेत कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, ती मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मधूनमधून येणारा दोष शोधायला वेळ लागतो. त्या वेळेचे पैसे ग्राहक द्यायला तयार नसतो आणि गॅरेजवाला ते मागायला धजत नाही. परिणामी तो वेळ नव्या भागांच्या बिलातून वसूल होतो आणि दोष जिथल्या तिथे राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम पेट्रोलाविषयी, कारण त्याचा वाटा मुळीच नाही असे म्हणणे खरे ठरणार नाही. साध्या पेट्रोलाचा एक भाग पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ भाग पुरतात. वीस टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन थोडे जास्त द्यावे लागते. धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असलेली, संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी इंजेक्शनची गाडी हा फरक बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढते. जुन्या गाड्यांत हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या जेटचे भोक मात्र जेवढे आहे तेवढेच राहते, त्यामुळे तिथे मिश्रण पातळ होते आणि थंड इंजिनवर किंवा एकदम रेस दिल्यावर गाडी अडखळू शकते. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी कमी होईल असे म्हटले होते. या पेट्रोलाला तोंड देणारे रबर आणि प्लॅस्टिक वापरलेल्या गाड्या सर्वसाधारणपणे एप्रिल २०२३ पासून बाजारात आल्या. त्याआधीच्या गाड्यांतील पाइप, ओ-रिंग (रबरी कडी) आणि डायफ्राम (रबरी पडदा) फुगणे, कडक होणे, तडकणे हे प्रकार घडू शकतात, आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ सुटून फिल्टरकडे येतो, हेही खरे आहे. इथेनॉलविरहित पेट्रोल उपलब्ध ठेवावे अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, तेव्हा जुन्या गाडीच्या मालकाला या बाबतीत फारशी निवड उरलेली नाही. त्याची चीड मी समजू शकतो.

परंतु एक साधा विचार करून पाहावा. टाकीतले पेट्रोल सकाळी जे असते तेच दुपारी असते, सपाटीवर जे असते तेच घाटात असते. मग जो दोष केवळ इंजिन तापल्यावर, केवळ चढावर, केवळ पावसात किंवा केवळ टाकी पाव भरलेली असतानाच दिसतो, त्याचे कारण त्या बदललेल्या परिस्थितीत आधी शोधायला हवे. इंधनच कारण असेल तर दोष साधारणपणे सतत जाणवतो, किंवा पेट्रोल भरल्यावर लगेच सुरू होतो. पावसाळ्यात टाकीत पाणी गेले आणि ते ठरावीक मर्यादेपलीकडे वाढले, तर इथेनॉल पेट्रोलाला सोडून पाण्याशी मिळते आणि दोन्ही मिळून तळाशी बसतात, नेमके जिथून पंप इंधन ओढतो तिथे. अशी शंका असेल तर टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल मेकॅनिककडून काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून घ्यावे आणि उघड्या जागी, ज्योत व विडी-सिगारेटपासून दूर, थोडा वेळ स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर तक्रारीला आधार आहे. एकच स्वच्छ थर दिसला तर पाण्यावरचा संशय सोडून द्यावा. एवढी साधी तपासणीही न करता पेट्रोलाला दोष देणे म्हणजे खरा दोष गाडीत तसाच ठेवून घरी जाणे होय.

डॉक्टरांच्या दारात पोहोचताच पोटदुखी थांबावी तसा हा दोष गॅरेजच्या दारात हमखास गायब होतो. मेकॅनिक बोनेट उघडून दोनदा रेस देतो, इंजिन सुरळीत फिरते, आणि मग तो अनुभवावर भिस्त ठेवून ‘प्लग बदलून बघू’ म्हणतो. यात त्याची लबाडी असतेच असे नाही; त्याच्यासमोर दोषच नसतो. म्हणून निदानाचा पहिला भाग मालकाने करायचा असतो आणि त्याला हत्यार म्हणून केवळ वही लागते. गाडी अडखळली की त्या वेळी इंजिन थंड होते की तापलेले, कितवा गिअर होता, चढ होता की सपाटी, एसी चालू होता का, टाकीत किती पेट्रोल होते, शेवटचे पेट्रोल कधी भरले, पाऊस होता का, पाय नुकताच दाबला होता की बराच वेळ दाबून धरला होता, आणि गाडी आपोआप सुधारली की थांबवावी लागली, एवढे लिहून ठेवावे. बरोबर कोणी असेल तर त्याने लिहावे. चालवता चालवता लिहू नये. अशा पाच-सहा नोंदी जमल्या की शक्यतांची लांबलचक यादी दोन-तीन ओळींवर येते.

या नोंदी कशा बोलतात ते सांगतो. पाय टाकल्याबरोबर एक क्षण गाडी मरते आणि मग उचल घेते, असा दोष जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत असेल तर बहुधा ॲक्सिलरेटर पंपाचा, म्हणजे पाय दाबताच जादा पेट्रोल फवारणाऱ्या पंपाचा, डायफ्राम फाटलेला असतो. तो तपासायला पैसाही लागत नाही: इंजिन बंद आणि गार असताना एअर फिल्टरचे झाकण काढावे, कार्ब्युरेटरच्या तोंडात टॉर्चने पाहावे आणि हाताने थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) उघडावा. उघडताक्षणी पेट्रोलाची बारीक, सरळ, जोरदार धार दिसली पाहिजे. धार नसेल, थेंब गळत असतील किंवा ती उशिरा येत असेल तर दोष सापडला. हाच दोष इंजेक्शनच्या गाडीत असेल तर थ्रॉटलची स्थिती सांगणारा सेन्सर पाहावा. त्यात कार्बनच्या पट्टीवरून एक सरकता स्पर्शक फिरतो. शहरात गाडी बहुतेक वेळ जरासाच पाय दाबून चालत असल्याने पट्टी नेमकी सुरुवातीच्या भागात झिजते आणि तिथे पोहोचताच संदेश क्षणभर तुटतो. बऱ्याच गाड्यांत हा संदेश थ्रॉटल बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण उघडल्यावर साडेचार व्होल्टच्या आसपास असतो. महत्त्वाचे आकडे नसून मधला प्रवास आहे. साध्या डिजिटल मीटरवरचे आकडे सावकाश बदलतात, त्यामुळे क्षणाचा खंड त्यावर दिसत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना काट्याचा जुना मीटर वापरायला लावत असे. थ्रॉटल अगदी हळू उघडत गेले की काटा एकसारखा चढतो आणि झिजलेल्या जागी दचकल्यासारखा खाली येऊन पुन्हा वर जातो. एकदा हे डोळ्यांनी पाहिले की हा सेन्सर अंदाजाने बदलण्याची गरज राहत नाही, आणि अंदाजाने न बदलण्याचीही.

पावसाळी हवेत किंवा सकाळच्या दमटपणात मिसिंग येत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मधूनच इंधन पेटत नसेल, तर संशय करंटच्या बाजूवर घ्यावा. प्लगच्या वायरी, प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण आणि हा करंट तयार करणारी कॉइल यांवरून हजारो व्होल्टचा दाब जातो. रबराला सूक्ष्म तडा गेला की ओलाव्यात तो करंट प्लगपर्यंत न जाता इंजिनच्या लोखंडाकडे पळतो. पूर्ण अंधारात, इंजिन चालू ठेवून, हात दूर ठेवून वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला की ज्या ठिकाणी गळती आहे तिथे निळसर ठिणगी नाचताना दिसते. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ते झाकण पुसून परत लावण्यात अर्थ नाही. इंजिन तासभर चालल्यावर मिसिंग सुरू होते आणि अर्धा तास थांबल्यावर जाते, असे असेल तर कॉइल, ठिणगी नियंत्रित करणारे इग्निशन मोड्यूल किंवा इंजिनची फिरकी सांगणारा क्रँक सेन्सर तापल्यावर साथ सोडतो आहे का ते पाहावे, आणि तेही गाडी तापलेली असतानाच. गार गाडीवर केलेल्या त्या तपासणीला काही किंमत नाही.

तापण्याचा दुसरा प्रकार इंधनाचा. फियाट आणि अँबेसेडर चालवणाऱ्या पिढीला आठवत असेल की उन्हाळ्यात घाट चढताना इंजिनवर बसवलेला पेट्रोल पंप इतका तापे की नळीत पेट्रोलाची वाफ होऊन गाडी थांबे, आणि मग त्यावर ओले फडके टाकून वाट पाहावी लागे. पेट्रोलात इथेनॉल थोड्या प्रमाणात मिसळले की त्याची वाफ होण्याची प्रवृत्ती वाढते, त्यामुळे जपून ठेवलेल्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हा जुना त्रास पुन्हा डोके वर काढू शकतो. इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीत बुडालेला असतो आणि नळीत दाब असतो, म्हणून तिथे तो सहसा येत नाही. टाकीच्या झाकणातून हवा आत येण्याची वाट बुजली असेल तर मात्र कोणतीही गाडी काही किलोमीटर गेल्यावर मलूल होते. तशा वेळी सुरक्षित जागी थांबून, इंजिन बंद करून झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा जोरदार फुसकारा आला आणि त्यानंतर गाडी नीट पळू लागली तर संशय झाकणावर आणि टाकीच्या हवेच्या नळीवर जातो.

आता एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण अंदाज आणि निदान यांतला फरक त्यात स्पष्ट दिसतो. आमच्या परिचयातील एका शिक्षकांची २००८ सालची लहान पेट्रोल गाडी चिपळूणहून कऱ्हाडला जाताना पोफळीच्या पुढे कुंभार्ली घाटाचा चढ लागला की गचके खाऊ लागे, आणि घाटमाथ्यावर पोहोचली की पुन्हा शहाण्यासारखी चाले. त्यांनी एका गॅरेजमध्ये प्लग आणि वायरी बदलून घेतल्या, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली, इंधन फिल्टर नवा घातला. दोष गेला नाही. पुढचा सल्ला टाकीतला पंप बदलण्याचा होता आणि तो काही हजारांचा होता. माझा एक जुना विद्यार्थी आता स्वतःचे गॅरेज चालवतो. त्याने इंधनाच्या नळीत दाबमापक बसवला, त्याची लांब नळी बोनेटच्या फटीतून बाहेर काढून डायल काचेबाहेर वायपरखाली बसवली आणि आम्ही घाटात गेलो. (पेट्रोलाची नळी उघडण्याचे हे काम जाणकारानेच, अग्निशामक जवळ ठेवून करायचे आहे, आणि दाबमापक प्रवाशांच्या जागेत कधीही आणायचा नाही.) सपाटीवर काटा पावणेतीन बारच्या आसपास स्थिर होता. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की तो सरकत सरकत दोनच्याही खाली आला, आणि तो खाली आला तसे गचके सुरू झाले. म्हणजे दोष इंधनाच्या दाबाचा होता. करंट, सेन्सर, हवा या बाजू एका फेरीत बाद झाल्या.

इथेच थांबून पंप बदलला असता तर गॅरेजचा सल्ला खरा ठरल्यासारखे वाटले असते. पण फिल्टर नवा असताना दाब कमी पडतो याची मुख्य कारणे दोन असतात: पंप थकलेला असतो, किंवा पंपाला पुरेशी वीज मिळत नसते. मागची सीट उचलून पंपाच्या जोडणीला लांब तारा लावल्या, मीटर पुढे घेतला आणि पुन्हा तोच चढ चढलो. बॅटरीवर चौदा व्होल्टच्या आसपास दाब असताना पंपापाशी जेमतेम साडेदहा पोहोचत होते. कनेक्टर उघडला तर पितळी पिन हिरवी पडली होती आणि भोवतालचे प्लॅस्टिक उष्णतेने तपकिरी झाले होते. खराब संपर्काला विरोध असतो, विरोधामुळे तो तापतो, तापल्यामुळे विरोध आणखी वाढतो. सपाटीवर हा तुटवडा खपून जातो, पण घाटात इंजिन भरपूर पेट्रोल मागते तेव्हा उघडा पडतो. पिना आणि कनेक्टर बदलला, पंप जुनाच ठेवला. घाटात काटा पुन्हा हलला नाही. नवा पंप घातला असता तर तो कदाचित काही महिने कमी व्होल्टवरही दाब टिकवून धरला असता आणि मग तोही निकामी ठरला असता, आणि त्याचे खापर बहुधा ई-२० वर फुटले असते.

ती पिन हिरवी का पडली याचे उत्तर आमच्या गावात कोणालाही विचारावे लागत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणातील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्या वेळी इंजिन उघडून झाले, ऑइल बदलून झाले, सीटची कव्हरे उन्हात वाळवून झाली. परंतु सीटखालचे कनेक्टर, दाराच्या पट्टीखालून जाणारे हार्नेस (तारांचे जुडगे) आणि चेसिसवरचे अर्थिंगचे, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या लोखंडाशी जोडणारे, बोल्ट सर्वांच्याच बाबतीत उघडले गेले नाहीत. गाळाचे पाणी तांब्याच्या तारेत केशाकर्षणाने पुढे सरकते आणि वरून शाबूत दिसणाऱ्या आवरणाच्या आत तार काळी पडत जाते. त्यामुळे आज, इतक्या वर्षांनी, त्यांतील काही गाड्यांत हे मधूनमधून येणारे दोष दिसत आहेत, आणि योगायोगाने त्याच काळात पेट्रोलही बदलले आहे. पूरग्रस्त गाड्यांपैकी बऱ्याच नंतर विकल्या गेल्या, तेव्हा आपली जुनी गाडी कोणत्या पाण्यातून आली आहे हे नव्या मालकाला ठाऊक असेलच असे नाही. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या पुरातील गाड्यांनाही हेच लागू आहे. मला विचाराल तर पंधरा वर्षांहून जुन्या कोणत्याही गाडीत, पूर असो वा नसो, पहिला तास अर्थिंगवर खर्च करावा. इंजिनपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत, इंजिन चालू असताना आणि दिवे, पंखा, मागची काच तापवणारी तार हे सर्व चालू ठेवून, मीटरवर दोन दशांश व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसला तर आधी अर्थिंगचा पट्टा साफ करून घट्ट बसवावा. समुद्राकाठच्या हवेत या एका कामाने बरे होणारे सेन्सर मी पुष्कळ पाहिले आहेत.

स्कॅनरविषयी, म्हणजे गाडीतील संगणकाच्या नोंदी वाचणाऱ्या उपकरणाविषयी, दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण ‘स्कॅनर लावला, काही दाखवत नाही, म्हणजे गाडीत दोष नाही’ असे उत्तर वाचकांना वारंवार मिळत असावे. भारतात गाडीतील संगणकाने स्वतःचे दोष नोंदवण्याच्या व्यवस्थेची ओबीडी-२ ही पायरी एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या बऱ्याच गाड्यांचा संगणक सेन्सरची तार पूर्ण तुटली तर सांगतो, पण सिलिंडर चुकला याची नोंद ठेवत नाही, आणि सेन्सर खोटे पण शक्य कोटीतले आकडे देत असेल तर ते निमूटपणे खरे मानतो. वर सांगितलेल्या गाडीत पंपाचा दाब कमी होता, तरी दोषाचा एकही कोड नोंदला गेला नव्हता. तसा सेन्सरच त्या गाडीत नाही. स्कॅनरचा खरा उपयोग कोड वाचण्यापेक्षा चालत्या गाडीत आकडे पाहण्यासाठी आहे: इंजिन पूर्ण तापलेले असताना संगणकाला ते थंड वाटते आहे का, आणि ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून तो इंधन सतत वाढवत चालला आहे का. तो वाढवत असेल तर कुठून तरी जादा हवा आत शिरते आहे का पाहावे: फुटलेली व्हॅक्युम नळी किंवा एअर फिल्टर आणि थ्रॉटल यांमधला तडकलेला रबरी पाइप शोधावा. इंजिन हलल्यावरच उघडणारी चीर उभ्या गाडीत दिसत नाही, म्हणून पाइप हाताने वाकवून घडीच्या आत पाहावे.

गाडीला सीएनजी किट असेल तर निम्मे निदान फुकटात होते. त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये आधी गॅसवर आणि मग पेट्रोलवर चालवावे. फक्त पेट्रोलवर गचके येत असतील तर पंप, फिल्टर, इंजेक्टर हा मार्ग धरावा, आणि महिनोन् महिने केवळ गॅसवर चालणाऱ्या गाडीत टाकीतले शिळे पेट्रोल आणि चिकटलेले इंजेक्टर नवलाचे नाहीत. दोन्हींवर येत असतील तर करंट, हवा किंवा सेन्सर. फक्त गॅसवर येत असतील तर गॅसच्या फिल्टरइतकेच प्लग आणि वायरींकडेही पाहावे, कारण गॅस पेटवायला अधिक जोरकस ठिणगी लागते आणि करंटची कमजोरी तिथे आधी दिसते. तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुराच्या नळीतील धूर शुद्ध करणारा भाग), घसरणारा क्लच, कमी कॉम्प्रेशन यांचाही उल्लेख केला जातो. पण हे दोष मधूनमधून येऊन जाण्यापेक्षा दिवसेंदिवस वाढत जातात, आणि क्लच घसरत असेल तर इंजिनचा आवाज चढतो व गाडी तेवढी पळत नाही, हा फरक लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला कळतो.

आता पैशांविषयी. वर सांगितलेल्या निदानात बदललेला भाग किरकोळ किमतीचा होता, परंतु त्यामागे एका कुशल माणसाचा जवळपास पूर्ण दिवस, घाटातील फेऱ्या आणि त्याची उपकरणे होती. माझ्या विद्यार्थ्याने मजुरी सांगितली तेव्हा त्या शिक्षकांच्या तोंडून सहज उद्गार निघाला की एवढ्याशा कनेक्टरला एवढे पैसे कसे. ते सज्जन आहेत आणि त्यांनी पैसे दिलेही. पण हाच उद्गार रोज ऐकणारा मेकॅनिक पुढच्या वेळी मीटर काढण्याऐवजी पंपाचे खोके उघडतो, कारण खोक्यावर छापलेल्या किमतीवर कोणी घासाघीस करत नाही. आपण ज्ञानाची मजुरी नाकारतो आणि पुठ्ठ्याची देतो. मोठ्या शहरांतील वर्कशॉप ‘जनरल चेकिंग’ या नावाखाली रक्कम लावतात, परंतु त्या शब्दांत काय तपासले आणि काय आढळले याचा पत्ता नसतो. ही तक्रार मी कोणा एका गॅरेजविरुद्ध करत नाही. अशी बिले न वाचता सही करणारे आपण सगळेच आहोत.

म्हणून माझ्या सूचना दोन आहेत. पहिली गॅरेजचालकांच्या संघटनांना: निदानाचा तासाचा दर तेलाच्या आणि सर्व्हिसिंगच्या दराप्रमाणे पाटीवर लिहावा, आणि जॉबकार्डवर ‘चेक केले’ असे न लिहिता मोजलेला आकडा लिहावा: इंधनाचा दाब उभ्या गाडीत किती आणि चढावर किती, पंपापाशी व्होल्ट किती, अर्थिंगमधील फरक किती. असा कागद हाती असलेला मालक दुसऱ्या गॅरेजमध्ये गेला तरी तपासणी पहिल्यापासून सुरू होत नाही. काढलेला प्रत्येक जुना भाग मालकाला परत द्यावा. मालकांनीही तो मागून घ्यावा आणि दोष त्या भागाने गेला नसेल तर सुट्या भागांच्या डब्यात जपून ठेवावा. चांगल्या अवस्थेत काढलेल्या अनेक वस्तू पुढे उपयोगी पडतात.

दुसरी सूचना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना. आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्यासमोर ठेवलेल्या इंजिनातील दोष नेहमी हजर असतो: वायर काढलेली असते, प्लग काजळलेला असतो. तो शोधणे सोपे आहे. एखाद्या कनेक्टरची पिन सैल करून, इंजिन तापल्यावरच येणारा दोष मुद्दाम निर्माण करून, मालकाच्या तोंडून त्याची लक्षणे काढून घेण्यापासून परीक्षा घेता येईल. त्यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही. काट्याचा मीटर आणि इंधनाचा दाबमापक पुरतो. तालुक्याच्या गावांतील कितीतरी गॅरेजमध्ये संगणकाला जोडायचा स्कॅनर आता दिसतो, दाबमापक मात्र दिसत नाही. तो एका नव्या पंपापेक्षा स्वस्त मिळतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, चिपळूण